वजन कधीपासून वाढलं?

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे तक्त्याप्रमाणे अगदी ठीक. पण डेक्सा नावाच्या तपासणीने अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांची आडनावं इंग्रजी ‘वाय’ने सुरू होतात, म्हणून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखलं जातं.

काट्यावर दोघं सारखे आणि आतून इतके वेगळे. ही जास्तीची चरबी आली कुठून? खाण्यातून, बैठ्या कामातून, असं उत्तर कोणीही देईल. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी मात्र तोवर दहा वर्षं वेगळ्याच जागी उत्तर शोधत होते: आईच्या पोटात.

१९९३ साली केईएमच्या मधुमेह विभागाने इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या संशोधकांबरोबर पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. मूल होण्याच्या वयातल्या बायकांची नोंद आधीच करून ठेवायची, दिवस गेले की त्यांचं खाणं, काम, रक्त तपासायचं, बाळ जन्मलं की त्याचं माप घ्यायचं आणि पुढे ते मूल मोठं होईपर्यंत त्याचा माग सोडायचा नाही, असं हे काम. त्यात सापडलेल्या आया सरासरी एकवीस वर्षांच्या, १५२ सेंटिमीटर उंचीच्या, बीएमआय १८च्या आसपास. शेतातली खुरपणी, काढणी, डोक्यावरून पाणी, शिवाय घरचं सगळं. त्यांना कोणी लठ्ठ म्हणणं शक्यच नव्हतं.

त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथवर नवल नाही. अर्धपोटी आईचं बाळ लहानच होणार. पण बाळाचा एकेक भाग वेगवेगळा मोजला, तेव्हा चित्र पालटलं. पुण्याच्या बाळाच्या पोटाचा घेर फारच लहान, दंड बारीक. म्हणजे पोटातले अवयव आणि स्नायू कमी भरलेले. पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून कातडीखालची चरबी मोजली, तर ती मात्र जवळपास शाबूत होती. बाळ दिसायला किडमिडीत आणि त्याच्या मापाने चरबीदार. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ हा शब्दप्रयोग जगभर गेला. गर्भाला अन्न कमी पडलं की तो स्नायूंच्या वाढीत काटकसर करतो आणि चरबीची शिल्लक जपतो, असा याचा अर्थ लावला जातो. पुढे आयुष्यभर त्या माणसाकडे साखर जाळणारे स्नायू कमी आणि साठवणाऱ्या मेदपेशी तयारच. पोटाचा घेर थोडा जरी वाढला तरी त्याला मधुमेह, रक्तदाब गाठतात. भारतीय पुरुषाने ९० आणि बाईने ८० सेंटिमीटरच्या आत कंबर ठेवावी, बीएमआय २३ च्या वर गेला की सावध व्हावं, असे गोऱ्या लोकांपेक्षा कडक आकडे आपल्यासाठी ठरवावे लागले, त्यामागे हेच कारण.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट फोटोइतकी गाजली नाही. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी या आयांच्या आहाराचं विश्लेषण केलं. पोटात किती उष्मांक गेले, प्रथिनं किती, याचा बाळाच्या मापाशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी. पुढे २००८ साली असं दिसलं, की सुमारे दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांचं ब-१२ सर्वांत कमी आणि फोलेट सर्वांत जास्त, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. फोलेट पालेभाज्यांतून मिळतं, आणि मेथी, अळू, माठ आपल्या शेताच्या बांधावर असतात. ब-१२ प्राणिज पदार्थांतून येतं, आणि गरीब घरात दूध डेअरीला जातं. ज्या मुलीच्या वाट्याला भाकरी आली पण दूध आलं नाही, तिच्या मुलाच्या चाळिशीतल्या पोटाचा हिशेब तिथून सुरू होतो. म्हणून २०१२ साली त्याच गटाने याच मुलांना, ती किशोरवयात असताना, ब-१२ देण्याचा प्रयोग हाती घेतला. दिवस राहिल्यावर गोळ्या देणं उशिराचं आहे, लग्नाआधीच मुलीचं शरीर सावरलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. सरकारी योजनांनी हा धडा अजून पुरता गिरवलेला नाही, याची मला खंत वाटते.

दिल्लीतल्या एका अभ्यासाने याच्या पुढची पायरी दाखवली. १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांची उंची-वजनं वर्षानुवर्षं नोंदवलेली होती. तिशीच्या आसपास त्यांची साखर तपासली, तेव्हा बिघाड जास्त कोणाकडे दिसला? जी मुलं दोन वर्षांची असताना हडकुळी होती आणि नंतर दोन ते बारा या वयात झपाट्याने अंग धरत गेली, त्यांच्याकडे. आपल्याकडे ‘गुटगुटीत बालक’ स्पर्धा होत आल्या. बारीक मुलाच्या आईला सासरी-माहेरी ऐकावं लागतं, आणि ती हातात वाटी घेऊन त्याच्यामागे धावते. तिचा यात दोष नाही. ज्या समाजाने दुष्काळ पाहिला आहे, त्याला गुबगुबीत गाल म्हणजे जगण्याची खात्री वाटते.

म्हणजे आईची अर्धपोटी विशी, बालपणीचं घाईने आलेलं बाळसं, हे सगळं माणूस पहिला वडापाव स्वतःच्या पैशाने विकत घेण्याआधी घडून गेलेलं असतं. त्यावर जनुकं. कॅनडातल्या क्लोद बूशार यांनी १९९० साली जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना शंभर दिवसांच्या काळात ८४ दिवस रोज हजार उष्मांक जास्त खायला घातले. जादा खाणं सगळ्यांना सारखंच. वजन मात्र कोणाचं चार किलोंनी वाढलं, कोणाचं तेरा किलोंनी. जुळ्यांपैकी एकाचं जितकं वाढलं, साधारण तितकंच दुसऱ्याचं. ‘मी किती खातो बघ, पण अंगाला लागत नाही’ असं सांगणारा मित्र खोटं बोलत नसतो, आणि त्याच पंगतीत निम्मं जेवून जाड होणारी बहीणही खोटं बोलत नसते.

आता भुकेकडे येऊ, कारण लठ्ठ माणसावरचा मुख्य आरोप तिथेच आहे. जिभेवर ताबा नाही, मनावर संयम नाही, असा तो आरोप.

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे संप्रेरक शोधून काढलं. ते मेदपेशींत तयार होतं आणि रक्तातून मेंदूपर्यंत जाऊन चरबी पुरेशी साठली आहे, असा निरोप देतं. हा निरोप जन्मतःच पोचत नसेल तर काय होतं, ते तीन वर्षांनी केंब्रिजमध्ये दिसलं. आठ वर्षांची एक मुलगी ८६ किलोंची, तिच्या नात्यातला दोन वर्षांचा भाऊ २९ किलोंचा. सतत खाण्याचा हट्ट. दोघांच्याही रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतंच. स्टीफन ओ’रॅहिली आणि सदफ फारूकी यांच्या गटाने त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली, तशी तिची भूक इतर मुलांसारखी झाली आणि वजन उतरू लागलं. कोणीही तिला संयम शिकवला नव्हता.

असा दोष फार थोड्यांत असतो. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देईनासा झालेला असतो. आणि वजन उतरायला लागलं की हीच यंत्रणा उलटी फिरते. चरबी घटली, लेप्टिन घटलं. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. टीव्हीवरच्या एका अमेरिकी वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना संशोधक केविन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं वजन परत चढलं होतं, आणि त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमीच जाळत होतं.

शरीर आणि मन इथे वेगळे काढता येत नाहीत, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा उपासमारीच्याच एका प्रयोगातून आला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने निमपोटी ठेवलं. हे तरुण युद्धाला नैतिक विरोध म्हणून लढायला न गेलेले, स्वेच्छेने आलेले. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं. पण त्याहून मोठा बदल त्यांच्या डोक्यात झाला. पाककृतींची पुस्तकं वाचत बसणं, जेवण तासन् तास पुरवून खाणं, ताटं चाटणं, चिडचिड, उदासी, माणसांपासून तुटणं. अन्न पुन्हा सुरू झाल्यावर काहींची भूक कितीही खाल्लं तरी भागेना, आणि चरबी मूळच्यापेक्षा जास्त परतली. या मुलांना आधी खाण्याचा कोणताही विकार नव्हता. आज एखादी मुलगी ठरलेल्या लग्नापूर्वी तीन महिने काकडी आणि ताकावर राहते, आणि वर्षभरात आधीपेक्षा जाड होते, तेव्हा तिच्या शरीराने तेच केलेलं असतं. नातेवाईक मात्र म्हणतात, लग्न झालं आणि सुटली.

मनाकडून सुरू झालेल्या लठ्ठपणाची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती मी थोडी सावकाश सांगणार आहे.

१९८५च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सान डिएगो इथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी वजन उतरवण्याचा एक कार्यक्रम चालवत होते. कडक देखरेखीखाली अगदी थोडा आहार, आणि त्याने वजन खरोखर उतरायचं. अडचण अशी, की जवळजवळ निम्मी माणसं मधूनच सोडून जायची, आणि त्यांतली बरीचशी यशस्वी होत असलेली. सुमारे १८५ किलोंच्या एका स्त्रीने वर्षभरात १२५ किलो उतरवले, आणि मग तीन आठवड्यांत १७ किलो परत चढवले. काय झालं म्हणून फेलिट्टींनी खोदून विचारलं. कामावरच्या एका वयाने मोठ्या, विवाहित माणसाने ती छान दिसते म्हणत लगट करायचा प्रयत्न केला होता. त्यानंतर ती झोपेत उठून खाऊ लागली. आणखी विचारल्यावर कळलं, की लहानपणी आजोबांनी तिचं लैंगिक शोषण केलं होतं. वजन वाढायला लागलं ते त्याच सुमाराला.

फेलिट्टींनी मग कार्यक्रमातल्या २८६ जणांना बसवून नीट विचारलं. बालपणीच्या शोषणाच्या हकिकती इतक्या निघाल्या की त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. एका स्त्रीवर बलात्कार झाल्यानंतरच्या वर्षात तिचं वजन पन्नासेक किलोंनी वाढलं होतं. जाड बाईकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि मला तेच हवं आहे, अशा अर्थाचं ती बोलली होती. डॉक्टर ज्याला रोग समजत होते, ते तिच्या लेखी संरक्षण होतं. वजन उतरलं की तिचं चिलखत काढून घेतल्यासारखं होई. पुढे अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रातले रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर १७ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला, १९९८ साली त्याचा पहिला अहवाल आला, आणि बालपणीचा छळ, मारहाण, व्यसनी घर, दुरावलेले आईबाप यांचा प्रौढपणीच्या अनेक आजारांशी असलेला संबंध ठसठशीतपणे पुढे आला.

सगळ्या लठ्ठ माणसांमागे अशी जखम असते असा अर्थ यातून काढू नये. बहुतेकांमागे नसते, आणि तशी शंका घेऊन कोणाकडे पाहणं क्रूरपणाचं होईल. पण ज्यांच्यामागे असते त्यांना आहाराचा तक्ता पुरत नाही, हे नक्की. जखम इतकी खोल नसली तरी दुःख, एकटेपण, कंटाळा, ताण यांच्यावर खाणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळचा उतारा असतो. ताण दीर्घकाळ राहिला की कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं. ते गोड आणि तेलकट पदार्थांची ओढ वाढवतं आणि चरबी पोटाकडे साठवतं. थोड्या वेळात खूप, भूक नसताना, एकट्याने, लाज वाटत खाणं, आणि नंतर स्वतःचा तिटकारा येणं याला ‘बिंज ईटिंग’ म्हणतात. अमेरिकी मनोविकार संघटनेने २०१३ साली त्याला स्वतंत्र विकाराचा दर्जा दिला. मराठी घरात त्याला अजून ‘हावरटपणा’ म्हणतात, आणि म्हणून तो रात्री ओट्याजवळ अंधारात, डबा हळूच उघडून होतो.

आपल्या घरांतल्या बायकांविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. सगळ्यांची पानं झाल्यावर शेवटी बसणारी बाई पातेल्यात उरलेला भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, सकाळची आमटी संपवते. अन्न टाकायचं नाही हा संस्कार, आणि तो चांगलाच आहे. पण तो पाळण्याची जबाबदारी घरात एकाच व्यक्तीवर का? उपास तिचा, आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याच्या काचऱ्या, वरीचे तांदूळ, म्हणजे बहुतेक पिष्टमय आणि तेल-तूप-दाणेकूट. बाळंतपणात तिला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मिळतात, झोप मिळत नाही. पंचेचाळिशीत पाळी जायच्या सुमाराला चरबी कंबरेकडे सरकते, मुलं परगावी जातात, आणि चालायला एकटीने बाहेर पडायचं तर आजही कित्येक घरांत कारण सांगावं लागतं. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. याच सर्वेक्षणात अशक्त आणि रक्तक्षय असलेल्या स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत. एकाच शरीरात कमतरता आणि चरबी दोन्ही असू शकतात, हे पुण्याजवळच्या त्या गावांनी आधीच सांगितलं होतं.

झोपेचंही तसंच. २००४ साली शिकागोत तरुण पुरुषांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तेवढ्यात लेप्टिन १८ टक्के उतरलं, भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्के चढलं. हिंजवडीतल्या रात्रपाळ्या, पोलिसांचा बंदोबस्त, परिचारिकांच्या सलग ड्युट्या यांचं वजन या आकड्यांत शोधायला हवं. थायरॉइडचं नाव मात्र गरजेपेक्षा जास्त घेतलं जातं. त्याच्या कमतरतेने सहसा दोन-चार किलोच वाढतात, बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा. याउलट औषधांकडे दुर्लक्ष होतं. स्टेरॉइड, इन्सुलिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, मनोविकारांवरचं ओलान्झापिन यांनी खरंच वजन वाढतं. ती मनाने बंद करायची नसतात, पण डॉक्टरांशी त्याविषयी बोलायचं असतं.

आणि बाजार. केविन हॉल यांनीच २०१९ साली वीस माणसांना महिनाभर एका संशोधन संस्थेत ठेवून दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं घरगुती अन्न दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, स्निग्धांश, तंतू सारखेच. हवं तितकं खा. तयार अन्नाच्या पंधरवड्यात माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. आज वाडी-वस्तीवरच्या दुकानात पाच रुपयांच्या वेफर्स-बिस्किटांच्या माळा लटकतात, आणि त्याच दुकानात केळं मिळत नाही. आधीच चरबी जपायला शिकून जन्मलेल्या मुलासमोर आपण हे टांगून ठेवलं आहे. याला त्या मुलाच्या आईची बेफिकिरी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

चिडवणं, टोमणे हे उपाय असतात अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. वर्गात ‘ढोल्या’, कार्यात ‘अगं, किती सुटलीस!’, दवाखान्यात घसा दुखतोय म्हणून गेलं तरी ‘आधी वजन कमी करा’. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक लोकांचा चार वर्षं मागोवा घेतला, तेव्हा वजनावरून भेदभाव सोसलेली, मुळात लठ्ठ नसलेली माणसं पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीचपट निघाली. लाजेने माणूस मैदानावर जात नाही, डॉक्टरकडे जात नाही, आणि डब्याकडे जातो.

२०२५ साली टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. ती घेणाऱ्या अनेकांचा अनुभव असा, की डोक्यातला खाण्याचा सततचा विचार एकदम थांबतो. आपल्याशिवाय इतरांच्या डोक्यात तो नसतोच, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळतं. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखंच हे चालू ठेवावं लागणार, आणि ते परवडणारी घरं थोडीच आहेत.

म्हणून साध्या दवाखान्यात, पाच मिनिटांच्या भेटीतही होऊ शकेल अशा एका गोष्टीची मी मागणी करते. काट्यावर उभं करण्याआधी माणसाला खुर्चीवर बसवून विचारावं: वजन कोणत्या वर्षापासून वाढायला लागलं, आणि त्या वर्षी काय काय झालं होतं? कोणी सांगेल, रात्रपाळी लागली. कोणी सांगेल, फिट्सची गोळी सुरू झाली. कोणी म्हणेल, दुसरं बाळंतपण. कोणी म्हणेल, मी लहानपणापासून असाच, आमच्याकडे सगळेच असे. कोणी थोडा वेळ गप्प बसेल, आणि त्या व्यक्तीला आहारतज्ज्ञाकडे धाडण्याआधी समुपदेशकाचा पत्ता द्यावा लागेल. तालुक्याच्या ठिकाणी असा समुपदेशक मिळणं कठीण आहे. मिळालाच तर बहुतेकदा जिल्हा रुग्णालयातच, आणि तिथवर पोचायला एका दिवसाची मजुरी बुडते.